नाक, कवटी आणि बुद्धि

आपल्या गांवाचें नांव नाकावरून पडलें, असें लोक मानतात. पंचवटींत लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक कापलें, म्हणून 'नासिका' या शब्दावरून हें नाशिक झालें, ही कथा येथील मुलांना शाळेंत येण्यापूर्वींच ठाऊक असते. नऊ शिखरांवरून हें नांव आलें असें म्हणणारेही आहेत. परंतु लोकांच्या मनांत घर केलें आहे तें नाकानेंच. आणि यांत नवल नाहीं. आपल्या भाषेंत नाकाएवढा मान दुसऱ्या कोणत्या अवयवास मिळाला आहे? अब्रू गेली कीं नाक कापलें जातें, गर्व झाला कीं नाक वर होतें, सरळमार्गी माणूस नाकासमोर चालतो, आणि नकटीच्या लग्नाला तर सतराशें विघ्नें येतात.

ह्या केवळ बोलण्याच्या रीती आहेत तोंवर कांहीं बिघडत नाहीं. परंतु बोलण्याची रीत हळूहळू समजूत बनते, आणि समजूत हळूहळू निवाडा बनते. "कपाळ रुंद आहे, पोरगा हुशार निघणार." "डोळे बारीक आहेत, लबाड असेल." "अंगानें जाड, म्हणजे आळशी असायचाच." "रंग सांवळा, तेव्हां अभ्यासांत तरी पुढें जायला हवें." अशीं वाक्यें घरोघरीं ऐकूं येतात. बोलणाऱ्याच्या मनांत बहुधा वाईट हेतु नसतो. पण ज्या मुलाविषयीं तीं बोललीं जातात, तें मूल पुष्कळदां तेथेंच उभें असतें व ऐकत असतें. म्हणून या लेखांत एकच प्रश्न विचारावयाचा आहे. शरीराच्या ठेवणीवरून माणसाची बुद्धि आणि स्वभाव ओळखतां येतात, हें म्हणणें कोणीं मोजून पाहिलें आहे काय? पाहिलें असल्यास काय निष्पन्न झालें?

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. "मला सरळ नाक आवडतें" असें कोणी म्हणाला, तर ती त्याची आवड झाली. तिच्याशीं वाद घालण्याचें कारण नाहीं. परंतु "सरळ नाकाचीं माणसें अधिक बुद्धिमान असतात" असें तो म्हणाला, तर तें एक विधान झालें. विधान खरें असतें किंवा खोटें असतें, आणि तें कोणतें हें बोलणाऱ्याच्या वयावरून किंवा अधिकारावरून ठरत नाहीं. तें तपासावें लागतें.

नाकाचीच गोष्ट आधीं घेऊं. हर्बर्ट रिस्ले नांवाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्यें हजारों माणसांचीं मापें घेवविलीं, आणि १८९१ मध्यें तीं प्रसिद्ध केलीं. त्यांत नाकाच्या मापाला मुख्य स्थान होतें. रीत सोपी होती. नाकाची रुंदी घ्यावयाची, तिला नाकाच्या उंचीनें भागावयाचें, आणि आलेल्या संख्येस शंभरानें गुणावयाचें. नाक ५० मिलिमीटर उंच आणि ३५ मिलिमीटर रुंद असेल, तर अंक आला ७०. सत्तराच्या आंतील नाक बारीक, ७० ते ८५ पर्यंतचें मध्यम, आणि त्यापुढील रुंद. येथपर्यंत सर्व ठीक होतें, कारण हें केवळ नाकाचें वर्णन झालें. परंतु रिस्लेसाहेबांनीं पुढें मोठी उडी घेतली. नाक जितकें बारीक तितकी जात वरची, आणि नाक जितकें रुंद तितकी ती खालची, असा नियमच त्यांनीं सांगून टाकला. हेच गृहस्थ १९०१ च्या शिरगणतीचे मुख्य अधिकारी झाले, त्यामुळें त्यांच्या मतास सरकारी छापाचें वजन आलें.

या मताची उलटतपासणी आपल्याच एका विद्वानानें केली. मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र शिकवीत असत. १९३२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं रिस्ले यांचें म्हणणें जसेंच्या तसें न स्वीकारतां निरनिराळ्या प्रांतांचे आंकडे वेगवेगळे करून पाहिले. जातींची उतरंड आणि नाकांची उतरंड हीं उत्तरेकडील थोड्या मुलखांत कांहींशीं जुळलीं. इतरत्र तो नियम टिकेना. पुढें १९४८ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीं लिहितांना नाकांच्या याच मापांचा आधार घेतला, आणि अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे आहेत हा समज त्या मापांवरूनच खोटा पडतो असें दाखविलें. ज्या शस्त्रानें उच्चनीचता सिद्ध करावयाची, तेंच शस्त्र नीट हातीं धरल्यावर ती उच्चनीचता कापून काढतें, असा हा प्रकार झाला. १९३० च्या मार्च महिन्यांत काळाराम मंदिराच्या दाराशीं जो सत्याग्रह सुरू झाला, त्याची आठवण ठेवणाऱ्या नाशिककरांस या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

मग नाकें निरनिराळीं कां असतात? नाकाचें पहिलें काम श्वासाचें आहे. बाहेरची हवा फुप्फुसांत जाण्यापूर्वीं ती ऊबदार व ओलसर करण्याचें कार्य नाक करितें. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या थंड व कोरड्या प्रदेशांत राहिलेल्या लोकांचीं नाकें सामान्यतः अरुंद, आणि उष्ण व दमट प्रदेशांतील लोकांचीं रुंद असण्याकडे कल दिसतो. कातडीच्या रंगाचेंही तसेंच आहे. प्रखर उन्हापासून शरीराचें रक्षण करणारें एक रंगद्रव्य कातडींत असतें. तें कोणाच्या कातडींत अधिक, कोणाच्या कमी. नाक हवेविषयीं कांहीं सांगेल, कातडी उन्हाविषयीं कांहीं सांगेल. गणिताविषयीं किंवा प्रामाणिकपणाविषयीं दोन्हीही कांहीं सांगत नाहींत.

येथें कोणी म्हणेल, "नाक राहूं द्या. बुद्धि मेंदूंत असते आणि मेंदू कवटींत असतो. तेव्हां निदान डोक्याच्या आकारावरून तरी बुद्धि कळेल." हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. व्हिएन्नांत वैद्यकी करणारे फ्रान्झ योसेफ गाल (१७५८–१८२८) यांनीं असेंच प्रतिपादन केलें होतें. मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळ्या गुणांचीं स्थानें आहेत, आणि जो भाग बळकट असेल त्यावरील कवटी फुगीर होते. तेव्हां डोकें चांचपून स्वभाव सांगतां येतो, असें त्यांचें मत. यांतील पहिली गोष्ट, म्हणजे मेंदूच्या भागांचीं कामें निरनिराळीं असतात ही, पुढें बऱ्याच अंशीं खरी ठरली. दुसरी साफ कोसळली. कारण कवटीच्या बाहेरील उंचवट्यांवरून आंतील मेंदूची ठेवण कळत नाहीं.

मग वजनाकडे लोक वळले. प्रौढ माणसाचा मेंदू सामान्यतः १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह १८८३ मध्यें वारले. त्यांचा मेंदू २००० ग्रॅमपेक्षां थोडा अधिक भरला, आणि वजनवाद्यांस हर्ष झाला. परंतु १९२४ मध्यें फ्रेंच लेखक आनातोल फ्रान्स वारले. त्यांना १९२१ मध्यें साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें, आणि त्यांचा मेंदू भरला अवघा १००० ग्रॅमच्या आसपास! एकाच्या मेंदूंत जवळजवळ दोघांचें वजन. पण लेखनांत दोघेही थोर. आज जिवंत माणसाच्या मेंदूचें आकारमान यंत्राच्या साहाय्यानें मोजतां येतें. मोठ्या समुदायाचे आंकडे एकत्र केले तर आकारमान आणि बुद्धिमापनाचे गुण यांत थोडासा संबंध दिसतो, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु तो इतका अल्प आहे कीं, समोर उभ्या असलेल्या एका मुलाविषयीं त्यावरून कांहींच भविष्य वर्तवितां येत नाहीं.

आतां या विषयांतील सर्वांत बोधप्रद गोष्ट सांगतों. ती एका मराठी विद्यार्थिनीची आहे. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्यें ब्रह्मदेशांत झाला. शिक्षण पुण्यास हुजूरपागेंत व फर्ग्युसन कॉलेजांत, आणि नंतर मुंबईस वर उल्लेखिलेल्या डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं झालें. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या त्या स्नुषा. १९२८ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्यांनीं बर्लिन येथें पुढील अभ्यास आरंभिला. तेथील मानववंशशास्त्राच्या मोठ्या संस्थेचे मुख्य ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. वंशावंशांत बुद्धीचें उच्चनीचत्व असतें, अशी या प्रोफेसरांची दृढ समजूत होती. माणसाच्या कवटीचीं उजवी व डावी बाजू अगदीं सारखी नसते. युरोपांतील गोऱ्या लोकांच्या कवटींत हा असारखेपणा विशेष असतो, पुढील उजवी बाजू मोठी असते, आणि त्यांच्या श्रेष्ठ विचारशक्तीचें तें चिन्ह होय, अशी उपपत्ति होती. ती तपासण्याचें काम या तरुण विद्यार्थिनीकडे आलें.

त्यांनीं युरोपांतील व युरोपाबाहेरील लोकांच्या १४९ कवट्या बारकाईनें मोजल्या. परदेश, परकी भाषा, परीक्षक तोच उपपत्तीचा पुरस्कर्ता, आणि पदवी त्याच्याच हातीं. अशा वेळीं आंकडे थोडे इकडेतिकडे सरकविण्याचा मोह किती झाला असता, याचा विचार करावा. मापें एका बाजूस आणि प्रोफेसरांची अपेक्षा दुसऱ्या बाजूस पडली, तेव्हां त्यांनीं मापांची बाजू घेतली. असारखेपणा आहे खरा, पण वंशाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं आपल्या प्रबंधांत मांडला. पदवी घेऊन त्या स्वदेशीं परतल्या, १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें, आणि 'युगान्त' या त्यांच्या ग्रंथास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. १९७० मध्यें त्यांचा अंत झाला.

ती उपपत्ति खोटी आहे असें सांगण्यानें काय साधलें, असें एखाद्यास वाटेल. जर्मनींत पुढें काय घडलें तें पाहावें. १९३३ मध्यें हिटलरच्या हातीं सत्ता आली. त्याच वर्षीं तेथें एक कायदा झाला, आणि त्याखालीं 'हीन' ठरविलेल्या सुमारें ४ लाख स्त्रीपुरुषांना बळजबरीनें शस्त्रक्रिया करून अपत्यहीन करण्यांत आलें. त्यांत मंदबुद्धि म्हणून ठरविलेले पुष्कळ होते. फिशर यांची संस्था या धोरणाच्या पाठीशीं उभी राहिली. चेहऱ्यावरून व वंशावरून माणसाची किंमत ठरविणारी समजूत विद्वानांच्या तोंडून आली म्हणजे ती अधिक भयंकर होते, कारण सामान्य माणूस तिला शास्त्र समजून मान तुकवितो.

बुद्धीविषयीं जें झालें तेंच वर्तनाविषयींही झालें. इटलींतील डॉ. लोंब्रोसो यांनीं १८७६ मध्यें ग्रंथ लिहून असें मांडलें कीं, गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो, आणि त्याचा जबडा, कान, कपाळ यांवरून तो ओळखतां येतो. युरोपभर या मताचा बोलबाला झाला. पुढें इंग्लंडांत चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरांनीं सुमारें ३००० कैद्यांचीं मापें घेऊन तीं सैनिक, विद्यार्थी वगैरे इतर लोकांच्या मापांशीं ताडून पाहिलीं. १९१३ मध्यें त्यांनीं निकाल प्रसिद्ध केला: गुन्हेगाराचा म्हणून निराळा चेहरा किंवा निराळें डोकें नाहीं. लोंब्रोसो यांनीं तुरुंगांतले चेहरे पाहिले होते; तसेच चेहरे तुरुंगाबाहेर किती आहेत हें नीट मोजलें नव्हतें.

आपल्या देशांत मात्र जन्मतः गुन्हेगारीची कल्पना कायद्यांत जाऊन बसली होती. १८७१ च्या कायद्यान्वयें कित्येक जमाती सरसकट गुन्हेगार ठरल्या. हा कायदा पुढें मुंबई इलाख्यासही लागू झाला. पारधी, कैकाडी आदि जमातींच्या माणसांस, त्यांनीं स्वतः कांहीं केलेलें असो वा नसो, पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर, १९५२ च्या ऑगस्ट महिन्यांत, तो कायदा सर्व देशांतून रद्द झाला, आणि त्या जमातींस 'विमुक्त' हें नांव मिळालें. कायदा गेला, पण भाषेंतला डाग गेला आहे काय? 'भामटा' हा शब्द आपण लुच्च्या माणसास सहज लावतों, आणि तेंच एका जमातीचें नांव आहे. त्या जमातींतील मूल आपल्या शेजारच्या बांकावर बसलें असेल, हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं.

मग बुद्धि मोजतांच येत नाहीं काय? कांहीं अंशीं येते, पण कपाळावरून नव्हे. १९०५ मध्यें पॅरिस येथें आल्फ्रेड बिने यांनीं मुलांसाठीं प्रश्नांची एक क्रमवार मालिका तयार केली. ज्या मुलांना शाळेंत जास्त मदतीची गरज आहे तीं हुडकून काढावीं, एवढाच त्यांचा हेतु होता. कमी गुण मिळाले म्हणजे मुलाची बुद्धि कायमची तेवढीच, असें मानणाऱ्यांचा त्यांनीं निषेध केला, आणि योग्य शिक्षणानें ती वाढविता येते असें सांगितलें. त्याच धर्तीवर व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं कसोट्या सिद्ध करून १९४० मध्यें त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा कसोटींत मुलानें त्या दिवशीं काय केलें एवढें कळतें. घरची भाषा, शाळेची संवय, पोटांतील भूक व मनांतील भीति या सर्वांची सांवली तिच्यावर पडते. म्हणून तिचा निकालसुद्धां जपूनच वापरावा लागतो.

पालकांस येथें एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. अलीकडे मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्यावरून त्याची बुद्धि, स्वभाव व पुढील विद्याशाखा सांगण्याचा धंदा शहरोशहरीं चालतो, आणि त्यासाठीं हजारों रुपये घेतले जातात. बोटांवरील रेषा मूल आईच्या पोटांत असतांनाच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. म्हणूनच पोलिसांस त्या उपयोगी पडतात. ठशावरून माणूस कोण हें कळतें. तो कसा आहे, हें कळत नाहीं. गोदावरीच्या कांठीं हात पाहणारा आणि यंत्रावर ठसा घेणारा यांच्यांत फरक असला तर तो यंत्राचा व किंमतीचा आहे, पुराव्याचा नाहीं.

तेवढ्याच आस्थेनें पालकांनीं दुसऱ्या कांहीं गोष्टींकडे पाहावें, कारण शरीर व अभ्यास यांचा खरा संबंध तेथें आहे. फळ्यावरील अक्षर न दिसणारें मूल 'मठ्ठ' ठरतें. त्याला चष्म्याची गरज असते. नीट ऐकूं न येणारें मूल 'हट्टी' ठरतें. त्याचे कान तपासावयास हवेत. रक्तांत लोह कमी असलेली मुलगी वर्गांत पेंगते आणि 'आळशी' म्हणविली जाते. आहारांत आयोडीन कमी पडल्यास लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, म्हणूनच मिठांत तें घातलें जातें. डावखुऱ्या मुलाचा हात बांधून त्याला उजव्या हातानें लिहावयास लावण्यानें त्याची बुद्धि वाढत नाहीं; त्याचें अक्षर मात्र बिघडतें. हीं सर्व दुखणीं उपायांचीं आहेत. 'याचें कपाळच असें' या दुखण्यास मात्र उपाय नाहीं, कारण तें मुलाचें नसून बोलणाऱ्याचें आहे.

असल्या समजुती इतके दिवस टिकतात कशा? कारण सरळ आहे. रुंद कपाळाचा मुलगा पहिला आला म्हणजे आपण ती गोष्ट दहा ठिकाणीं सांगतों. अरुंद कपाळाचा पहिला आला तर त्याचें कपाळ पाहावयाचें आपणांस सुचतही नाहीं. जुळलेलें लक्षांत राहतें, न जुळलेलें विसरतें. शिवाय ज्याला मठ्ठ म्हटलें त्याला वर्गांत प्रश्न कमी विचारले जातात, त्यानें विचारलेल्या शंकेस हंसतात, आणि तो गप्प बसूं लागला कीं आपण म्हणतों, "पाहा, आम्ही म्हणत नव्हतों?" अशा रीतीनें खोटें भाकीत स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करितें.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, यापुढें असें एखादें विधान कानीं पडलें, तर तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्या. हें कोणीं मोजलें? किती जणांना मोजलें? आणि जे विरुद्ध पडले त्यांचें काय केलें? वडील माणसांना विचारतांना अदब सोडूं नये. पण अदबीपायीं प्रश्नही सोडूं नये.

या तीन प्रश्नांचा सराव तुम्हांस वर्गांतच करतां येईल. शिक्षकांच्या अनुमतीनें तीस मुलांच्या डोक्याचा घेर शिंप्याच्या फितीनें सेंटिमीटरांत मोजावा. नंतर सर्वांस वीस शब्द एकदां वाचून दाखवावे, आणि ज्यास जितके आठवतील तितके त्यानें कागदावर लिहावे. एका चिठ्ठीवर घेर व आठवलेल्या शब्दांची संख्या, एवढेंच लिहावें. नांव लिहूं नये, म्हणजे कोणाची थट्टा होणार नाहीं. मग चौकडीच्या कागदावर घेर आडव्या रेषेवर आणि शब्दांची संख्या उभ्या रेषेवर धरून प्रत्येक चिठ्ठीसाठीं एक टिंब द्यावें. तीं टिंबें ओळींत उभीं राहतात कीं सर्वत्र विखुरतात, तें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. तीस मुलांवरून जगाचा नियम ठरत नाहीं, हेंही खालीं लिहून ठेवावें. आणि एखादें टिंब आपल्या अपेक्षेविरुद्ध पडलें, तर तें खोडूं नये. बर्लिनमध्यें इरावतीबाईंनीं तें खोडलें नाहीं.